तलावाची पाळ कुणाची?

पांढुर्णा आणि सौसर या तहसिलींचा मिळून वेगळा जिल्हा २०२३ च्या ऑक्टोबरात झाला. कलेक्टर आपल्या गावी आले, कचेऱ्या जवळ आल्या आणि कागदासाठी छिंदवाड्याच्या खेपा करण्याचा आपला जुना जाच बराच कमी झाला. नवा जिल्हा म्हटला की नव्या मागण्या आल्याच. रस्ता, इस्पितळ, महाविद्यालय, संत्र्यासाठी प्रक्रिया उद्योग, या सर्व मागण्या आपल्या मंडळाने वेळोवेळी मांडल्या आहेत व पुढेही मांडू. याच यादीत अलीकडे आणखी एक मागणी ऐकू येते, ती तलावांच्या सौंदर्यीकरणाची. पाळीवर फिरायला फरसबंदी वाट, दिव्यांचे खांब, मुलांसाठी घसरगुंड्या, पाण्यात दोन-चार होड्या आणि मध्यभागी एखाद्या थोर पुरुषाचा पुतळा, असे तिचे साधारण स्वरूप असते.

या मागणीला आमचा विरोध नाही. संध्याकाळी बायकामुलांसह बसावे अशी जागा आपल्या गावांत किती आहे, हे आपण सारे जाणतोच. परंतु ज्या पाळीवर ही बाग उभी राहायची ती पाळ कुणाची, तिची शेवटची तपासणी कधी झाली आणि तिच्यावरून पाणी गेले तर ते कुणाच्या घरात शिरेल, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय एकही खांब रोवला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत का झाले, ते या अंकात सविस्तर सांगतो.

अंबाझरीची रात्र

लांबचा दाखला द्यायची गरज नाही. आपला जिल्हा जन्माला येण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधीची गोष्ट आहे. २२ सप्टेंबर २०२३ ला घरोघरी महालक्ष्म्यांचे जेवण झाले. आपल्याकडची कितीतरी माणसे त्यासाठी लेकीकडे, भावाकडे नागपूरला गेलेली होती. त्याच रात्री, म्हणजे २३ तारखेच्या पहाटे, नागपुरात अवघ्या चार तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव तुडुंब भरलेला होता. सांडव्यावरून पाण्याचा लोंढा सुटला आणि नाग नदीच्या अरुंद पात्रात न मावता दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत घुसला. अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा लेआउट, शंकरनगरचा परिसर, पुढे सीताबर्डीतले मोर भवन बसस्थानक, सारे पाण्याखाली गेले. लोक झोपेत होते. लष्कराला पाचारण करावे लागले. किमान चार जणांचे प्राण गेले आणि सुमारे दहा हजार घरांत पाणी शिरले, असे तेव्हा सरकारनेच सांगितले. पाटावर उभ्या असलेल्या महालक्ष्म्या विसर्जनाआधीच पाण्यात गेल्या, अशी घरे आपल्या नात्यागोत्यांत आहेत.

या तलावाची माहिती थोडी घेतली पाहिजे. अंबाझरीची मातीची पाळ १८७० सालची. शहराला पाणी पुरवण्यासाठी ती बांधली. पुढे शहर वाढले, गोरेवाडा, कन्हान आणि पेंच येथून पाणी येऊ लागले आणि अंबाझरीचे पिण्याच्या पाण्याचे महत्त्व उतरत गेले. १९५८ साली शेजारी उद्यान झाले. तेव्हापासून नागपूरकरांच्या आणि आपल्याही मनात अंबाझरी म्हणजे बाग, होड्या, सुटीचा दिवस. नागपूरला शिकायला राहिलेल्या आपल्यातल्या कुणी तिथे संध्याकाळ घालवली नाही, असे होणे नाही.

इथेच या विषयाचे मर्म आहे. तलावाचे काम बदलले की त्याच्याकडे पाहणारी नजरही बदलते. जोवर पाणी पिण्याचे किंवा ओलिताचे असते, तोवर कुणीतरी रोज पाळीवर फेरी मारतो, मोरी उघडतो, पातळी लिहितो. एकदा तलाव केवळ करमणुकीचा झाला की दिवे बंद पडल्याची तक्रार होते, होडी गळते म्हणून तक्रार होते. पाळ गळते म्हणून तक्रार करणारा उरत नाही. अंबाझरीच्या पाळीवर वाढलेली झाडे, पाझर, सांडव्यापुढील बांधकामे यांविषयी अभियंते सांगत होते, वर्तमानपत्रांत छापून येत होते. सांडव्याच्या पुढ्यात २०१७ साली स्वामी विवेकानंदांचे स्मारक झाले होते. पुरानंतर ते पाण्याच्या वाटेत आहे की नाही हा वाद थेट उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. पुलाचे आणि नाग नदीच्या भिंतींचे काम मग काढावे लागले. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

आणि एक गोष्ट विसरू नये. त्या रात्री अंबाझरीची पाळ फुटली नाही. दीडशे वर्षांची ती माती उभी राहिली. जे नुकसान झाले ते केवळ सांडव्यावरून आलेल्या पाण्याला वाट नव्हती म्हणून झाले. पाळच गेली असती तर काय झाले असते, याचा विचार प्रत्येकाने करावा.

मातीची पाळ कशाने जाते

आपल्यातील बहुतेक घरे शेतीशी जोडलेली आहेत. शेताचा बांध कसा फुटतो हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तलावाची पाळ हा मोठा बांधच. आत चिकण मातीचा गाभा, त्यावर दोन्ही बाजूंनी मुरमाचे आवरण, पाण्याच्या बाजूला लाटांचा मार सोसण्यासाठी दगडांचे अस्तर, आणि बाहेरच्या पायथ्याशी पाझरलेले पाणी शिस्तीत बाहेर काढणारी दगड-वाळूची गाळणी. जुन्या तलावांत हे सर्व थर असतीलच असे नाही. पुष्कळ ठिकाणी जवळची माती टाकून, बैलांनी तुडवून पाळ घातलेली असते.

अशी पाळ मुख्यत्वे तीन प्रकारांनी जाते. पहिला, पाणी माथ्यावरून वाहिले तर. दगडी धरण वरून वाहणारे पाणी काही काळ सोसू शकते, माती सोसत नाही. एकदा माथ्यावर धार लागली की ती खाच पाडते, खाचेतून पाणी वाढते आणि काही तासांत सारे संपते. गुजरातेत मोरवीजवळचे मच्छू धरण ११ ऑगस्ट १९७९ ला असेच गेले. सांडव्याची क्षमता आलेल्या पुरापुढे अपुरी पडली, पाणी मातीच्या बाजूंवरून गेले आणि हजारो माणसे दगावली. म्हणून मातीच्या धरणाचा खरा प्राण त्याच्या सांडव्यात असतो. सांडवा मोकळा, पुरेसा रुंद आणि त्याच्या खाली वाट स्वच्छ, एवढे असले तरी निम्मा धोका टळतो.

दुसरा प्रकार, आतून पोखरले जाणे. प्रत्येक मातीची पाळ थोडीफार पाझरते, त्यात भिण्यासारखे काही नाही. पाझर स्वच्छ असेल आणि तेवढाच राहत असेल तर तो पाळीचा स्वभाव समजावा. परंतु तो वाढू लागला, किंवा त्याचे पाणी गढूळ येऊ लागले, तर आतली माती वाहून येत आहे असा त्याचा अर्थ. बाहेरून पाळ धडधाकट दिसते, आत बोगदा तयार होत असतो. उंदीर-घुशींची बिळे, मेलेल्या झाडांची कुजलेली मुळे, आणि पाळीतून जाणाऱ्या जुन्या मोरीच्या कडा या त्याच्या आवडत्या वाटा. पुणेकर १२ जुलै १९६१ हा दिवस अजून विसरलेले नाहीत. पानशेतचे मातीचे धरण तेव्हा पुरते झालेही नव्हते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असताना तलाव भरला, मोरीवरची माती खचली, जवानांनी वाळूची पोती रचूनही धरण वाचले नाही आणि त्या लोंढ्याने खालचे खडकवासलाही नेले.

तिसरा प्रकार, उतार घसरणे. भिजलेल्या पाळीला पाण्याचा आधार असतो. तलाव झपाट्याने रिकामा केला की तो आधार जातो आणि आतली बाजू घसरते. आपल्या काळ्या मातीत तर उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात; पहिल्या पावसाचे पाणी त्यांत उतरले की माथ्याची माती सैल होते. म्हणून पाळीची पाहणी पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा, अशी दोनदा करायची असते.

केवळ वय झाले म्हणून पाळ धोकादायक ठरते असे मात्र नाही. आपल्या राज्याच्या राजधानीतील मोठा तलाव राजा भोजाच्या काळापासूनचा सांगतात. त्याच्या मातीच्या पाळीवर आज कमला पार्क आहे, लोक तिथे फिरतात. तो तलाव टिकला याचे एक कारण असे की जादा पाण्याला वेगळी वाट आहे. भदभदा येथे १९६५ साली अकरा दरवाजांचे धरण झाले आणि तलाव भरला की ते दरवाजे उघडल्याची बातमी साऱ्या भोपाळला कळते. बाग आणि सुरक्षितता एकत्र नांदू शकतात. त्यासाठी दरवाजाजवळ जबाबदार माणूस बसवावा लागतो.

धरण तेच, धोका वाढला

काही मंडळी म्हणतात, अमुक तलाव आमच्या पणजोबांच्या वेळचा आहे, आजवर काही झाले नाही, आता काय होणार? हा युक्तिवाद आम्ही बराच ऐकला आहे. त्यात एक चूक आहे. पणजोबांच्या वेळी पाळीखाली शेत होते. पाळ फुटली असती तर एका हंगामाचे पीक गेले असते. आज त्याच शेतात प्लॉट पडले, घरे झाली, अंगणवाडी झाली, दुकाने आली. वरच्या बाजूलाही तेच. जिथे पाऊस मुरत होता तिथे फरशी आणि डांबर आले, त्यामुळे पूर्वी सहा तासांत येणारे पाणी आता दोन तासांत येते. ओढा मात्र दोन्ही बाजूंनी दाबून निम्मा झाला. पाळ तेवढीच राहिली, तिच्यावरचा भार आणि तिच्याखालची माणसे दोन्ही वाढली. अंबाझरीला हेच झाले.

हिशेबाची वही ठेवणाऱ्याला हे लवकर समजते. दुकानाच्या इमारतीवर, यंत्रावर, मोटारीवर दरवर्षी घसारा धरतात. कारण वस्तू झिजते आणि एक दिवस तिच्यावर खर्च करावा लागणार हे गृहीत असते. सार्वजनिक तलाव मात्र एकदा खर्ची पडला की कायमचा. त्याच्या नावावर ना घसारा, ना दुरुस्तीची तरतूद. सौंदर्यीकरणाला लाखो रुपये मंजूर होतात, कारण त्याचे भूमिपूजन होते, फोटो निघतो, पाटी लागते. पाळीवरची झुडपे काढणे, सांडव्यातला गाळ उपसणे, निसटलेले दगड बसवणे या कामांना पाटी लावता येत नाही. म्हणून ती होत नाहीत.

त्यात आपल्याकडे मालकीचा गोंधळ. पूर्वी मालगुजार होता. तो चांगला की वाईट हा वाद बाजूला ठेवू, पण तलाव कुणाचा हे गावाला ठाऊक असे. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, ते योग्यच झाले. मात्र तलाव सरकारजमा होऊन पुढे त्यांचे तुकडे पडले. जमीन महसूल खात्याची, मासेमारीचा ठेका पंचायतीचा, कालवा असेल तर तो जलसंसाधन विभागाचा व जल उपभोक्ता संथेचा, पाळीवर झाडे लावायची दुसऱ्याच कुणाच्या योजनेतून, आणि बाग नगर पालिकेची. उत्पन्नाला सारे वारस, आजारपणाला कुणी नाही. अशा तलावाची पाळ पाझरू लागली तर अर्ज कुणाच्या नावे लिहायचा, हे पटवाऱ्यालाही सांगता येणार नाही.

या गोंधळातून काही घातक सवयी लागल्या आहेत, त्याही इथे स्पष्ट सांगतो. होड्या चालाव्यात किंवा मासळीला पाणी उरावे म्हणून सांडव्याच्या उंबऱ्यावर पोती रचणे, विटांची आड घालणे. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळी बांधणे, जिच्यात पुरात वाहून आलेला पालापाचोळा अडकून सांडवा बंद होतो. गाळ शेतात न्यायचा म्हणून अगदी पाळीच्या पायथ्याशी खोल खणणे. शोभेसाठी पाळीवर वड, पिंपळ, निलगिरी लावणे. दिव्याच्या तारांसाठी पाळीत चर खणणे. यांतली प्रत्येक गोष्ट करणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, पण पाळीला हेतू कळत नाही.

गावकऱ्यांनी सांगितलेले कुणी ऐकले

कोकणात चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले. धरण फार जुनेही नव्हते. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसे गेली. धरण गळते असे गावकऱ्यांनी आधीच सांगितले होते. दुर्घटनेनंतर तेव्हाच्या जलसंधारण मंत्र्यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण दिले आणि साऱ्या महाराष्ट्रात त्याची चेष्टा झाली. आम्ही त्याकडे चेष्टा म्हणून पाहत नाही. खेकडे, घुशी बिळे करतात हे खरेच आहे. ती बिळे पाहून बुजवायला माणूस नेमणे हे सरकारचे काम आहे, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्याच राज्यातला दाखला उलट दिशेने शिकवणारा आहे. धार जिल्ह्यात कोठीदा गावाजवळ कारम नदीवर मातीचे धरण बांधले जात होते. ऑगस्ट २०२२ मध्ये ते पहिल्याच भरतीत गळू लागले. अठरा गावे रिकामी केली गेली, एका बाजूने चर खणून पाणी काढून दिले गेले आणि एकही जीव गेला नाही. बांधकाम कसे झाले, पैसे कुठे गेले, हा वेगळा प्रश्न आहे आणि तो विचारलाच पाहिजे. पण गळती दिसताच गावे हलवली, म्हणून माणसे वाचली. गळती वेळेत दिसली, कारण तिथे पाहणारी माणसे होती. आडगावच्या तलावावर रात्री कोण असते?

कायदा आहे, पण कुणासाठी

देशात सहा हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत. त्यांच्या संख्येत महाराष्ट्राचा पहिला आणि मध्य प्रदेशाचा दुसरा क्रमांक लागतो. म्हणजे आपण ज्या सीमेवर राहतो तिच्या दोन्ही अंगांना धरणेच धरणे. धरण सुरक्षा अधिनियम २०२१ साली संसदेने केला आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरपासून तो लागू झाला. त्यानुसार पावसाळ्याआधी व नंतर तपासणी करणे, आणीबाणीत काय करायचे याचा आराखडा ठेवणे, ही धरणाच्या मालकाची जबाबदारी आहे. जुन्या धरणांसाठी हा आराखडा कायदा लागू झाल्यापासून पाच वर्षांत करायचा आहे. कसूर केल्यास शिक्षेचीही तरतूद आहे.

हे चांगलेच झाले. परंतु हा कायदा पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटर उंचीची धरणे लांबी, साठा इत्यादी अटी पुऱ्या झाल्या तरच त्यात येतात. दहा मीटरच्या खालची पाळ त्यात नाहीच. आपल्या गावांतील बहुतेक जुने तलाव याच बिनकायद्याच्या कप्प्यात पडतात. पाळ ठेंगणी म्हणून लोंढा लहान असेल, हे खरे. पण पाळीपासून शंभर पावलांवर झोपलेल्या माणसाला बुडवायला फार पाणी लागत नाही.

यासाठी भोपाळहून नवा कायदा येण्याची वाट पाहावी, असे आम्हांस वाटत नाही. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली तेव्हापासून आपला अनुभव असा की भोपाळला आपण दूरचे आणि नागपूरला परके. जाम आणि कन्हान मात्र ही सीमा मानत नाहीत. इथे पडलेला पाऊस खाली नागपूर जिल्ह्यात जातो, आणि तिथल्या वस्त्यांत आपलीच माणसे राहतात. वरच्या अंगाला राहणाऱ्याने आपल्या पाण्याचा हिशेब नीट ठेवणे हा शेजारधर्मही आहे. नवा जिल्हा लहान आहे, हा इथे फायदा आहे. दोन तहसिलींतल्या तलावांची मोजणी करणे कलेक्टरांना अवघड जाणार नाही.

आमच्या मागण्या

मंडळाने पुढील मागण्यांचे निवेदन कलेक्टर, नगर पालिका, जनपद पंचायती आणि आपले विधायक यांना द्यावे, अशी आमची सूचना आहे.

१. जिल्ह्यातील प्रत्येक मातीच्या पाळीची नोंदवही करावी. तिच्यात पाळीची उंची व लांबी, सांडव्याची रुंदी, खाली असलेली घरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे देखभालीला जबाबदार असलेल्या एकाच कचेरीचे नाव असावे. दोन नावे चालणार नाहीत.

२. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुमारास प्रत्येक पाळीची पाहणी जलसंसाधन विभागाच्या अभियंत्याने करावी आणि तिचा अहवाल ग्रामसभेत वाचून दाखवावा.

३. सौंदर्यीकरणाच्या कुठल्याही प्रस्तावासोबत पाळ व सांडवा सुरक्षित असल्याचा अभियंत्याचा दाखला असावा. मंजूर रकमेतील एक भाग आधी सांडवा, दगडी अस्तर आणि गाळणी यांच्या दुरुस्तीवर खर्च व्हावा.

४. सांडव्यात, सांडव्यापुढील नाल्यात आणि पाळीवर कोणतेही पक्के बांधकाम होऊ नये. यात पुतळा आणि मंदिर हेही आले.

५. सांडव्यावर पोती, विटा वा जाळी लावणाऱ्या ठेकेदाराचा ठेका रद्द होईल, अशी अट करारातच घालावी.

६. प्रत्येक पाळीखालच्या वस्तीत, पाणी वाढले तर कुणाला कळवायचे आणि कुठे जायचे, याचा फलक हिंदीत आणि मराठीत लावावा. संकटाच्या वेळी म्हाताऱ्या आजीला जी भाषा आधी कळते तीच कामाची.

चौथ्या मागणीने आपल्यातील काही जण नाराज होतील, हे आम्ही जाणतो. छत्रपतींचा, बाबासाहेबांचा, संतांचा पुतळा तलावाच्या मधोमध किंवा सांडव्याशी शोभून दिसेल, असे उद्या आपल्यापैकीच कुणी सुचवील. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु थोर पुरुषाचा पुतळा पाण्याच्या वाटेत उभा करून पुढे न्यायालयात त्यावर वाद व्हावा, यात त्या पुरुषाचा मान कुठे राहिला? पुतळ्याला जागा चौकात आहे, शाळेच्या आवारात आहे. पाण्याला जागा तेवढीच आहे जेवढी आपण सोडू.

सभासदांनी काय करावे

सारे सरकारवर टाकून मोकळे होणे आपल्या मंडळाच्या रीतीत बसत नाही. गावोगावच्या सभासदांनी पावसाळ्यात पाळीवरून आठवड्यातून एक फेरी मारावी. बाहेरच्या पायथ्याशी नवा ओलावा दिसतो का, पाझराचे पाणी गढूळ आहे का, माथ्यावर लांबट भेग पडली आहे का, एखादा भाग खचलेला किंवा बाहेर फुगलेला दिसतो का, सांडव्यात काही अडकले आहे का, एवढ्या पाच गोष्टी पाहायच्या आहेत. त्यासाठी अभियंता असावे लागत नाही. शेतकऱ्याचे डोळे पुरतात. जे दिसेल ते तारखेनिशी वहीत लिहावे आणि पंचायतीला लेखी कळवून पोच घ्यावी. तोंडी सांगितलेले कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि दुर्घटनेनंतरच्या चौकशीत तर मुळीच सापडत नाही.

पाहणीचे अहवाल मिळत नसतील तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. दहा रुपयांचा अर्ज पुरतो. निवेदन मराठीत लिहायला संकोच वाटू नये. आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन देशातील वा राज्यातील कोणत्याही वापरातल्या भाषेत देण्याचा अधिकार संविधानाच्या कलम ३५० ने प्रत्येकाला दिला आहे. तो आपण फारसा वापरत नाही, आणि न वापरलेल्या हक्काचे पुढे काय होते हे आपल्या शाळांच्या बाबतीत आपण पाहिले आहे.

निवडणुका येतील, उमेदवार दारी येतील, तलावावर बाग करून देतो म्हणतील. त्यांना चहा पाजावा आणि एकच विचारावे: सांडव्याची रुंदी किती, आणि त्याखालचा नाला शेवटी कधी साफ झाला? ज्याला उत्तर ठाऊक असेल, किंवा जो दुसऱ्या दिवशी पाळीवर जाऊन पाहून येईल, त्याच्या बागेवर आम्ही विश्वास ठेवू. बाकीच्यांनी आधी नोंदवहीची मागणी मान्य करावी, मग भूमिपूजनाची तारीख काढावी.